न वापरलेला टायरही म्हातारा होतो

(रेल्वे व टपाल खात्यातील शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचा कागद फळ्यावर लागला तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. "वेतन आयोग सोडून सेक्रेटरी टायरवर बोलणार!" असे कोणी तरी म्हणाले. म्हणणाऱ्याचे चुकले नाही. वेतन आयोगावर बोलणारे वक्ते दुपारी आहेतच. आमची विनंती एवढीच, की हा अर्धा तास नीट ऐका. एका टायरपायी आपल्या एका बंधूचा पाय मोडला आणि दुसऱ्याच्या नोकरीवर गदा आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात थोडा दोष युनियनचाही होता. तोही आज झाकून ठेवणार नाही.

रेल्वेत टायर म्हटले की जुन्या माणसाला पोलादी टायर आठवतो. चाकाच्या मधल्या भागावर तापवून चढवायचा, थंड झाला की तो आवळून बसायचा. आता अखंड चाके आली, ते काम कमी झाले. तो पोलादी टायर यार्डात पावसात पडून राहिला तरी वरवर गंज चढण्यापलीकडे त्याचे फार बिघडत नसे. त्यामुळे टायर म्हणजे बाहेर टाकायची वस्तू, ही सवय आपल्या अंगात भिनली. हीच सवय रबरी टायरच्या बाबतीत घात करते. रेल्वेच्या जीप आणि ट्रक, टपालच्या मेल मोटर सर्व्हिसच्या गाड्या, पोस्टमन बंधूंच्या सायकली आणि स्कूटर, ही सारी रबरावर चालतात. आणि रबर हे पोलाद नव्हे. ते काम न करताही म्हातारे होते.

आता घडलेली गोष्ट सांगतो. २०११ सालचा मे महिना. डेपोचे नाव घेत नाही, भुसावळपासून नागपूरपर्यंत कुठलाही समजा, ऊन सगळीकडे तेच. कामाच्या जागी गँग पोहोचवून ट्रक परत येत होता. वाटेत पुढचा डावा टायर फुटला. ट्रक रस्त्याखाली उतरून बाभळीवर आदळला. ड्रायव्हर बंधूचा पाय दोन जागी मोडला, शेजारी बसलेल्या खलाशाच्या खांद्याला मार लागला. गँग आधीच उतरलेली होती म्हणून निभावले. मागच्या हौद्यात माणसे असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

टायर कोणता? तीनच आठवड्यांपूर्वी स्टोअरमधून कोरा काढून बसवलेला. कागदावर नवा. नक्षी पुरी, एक पंक्चरसुद्धा नाही. मग दोष कोणाचा? प्रशासनाने दोन माणसे लगेच शोधून काढली. ड्रायव्हरने गाडी बेफाम चालवली, आणि स्टोअर कीपरने माल सांभाळला नाही. दोघांनाही एस. एफ. ५, म्हणजे मोठ्या शिक्षेचे चार्जशीट. टपाल खात्यातल्या बंधूंनी नियम १४ समजावा. एक माणूस दवाखान्यात पाय टांगून पडलेला, आणि त्याच्या उशाशी चार्जशीट.

आम्ही डिफेन्स हेल्पर म्हणून उभे राहिलो. फुटलेला टायर पाहायला गेलो. स्टोअरमध्ये एक वयस्क खलाशी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी टायरच्या बाजूवरची माती अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, हा आकडा वाचा." चार अंक होते, ०५०४. त्याचा अर्थ मामांना ठाऊक होता, आम्हाला नव्हता. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २००४ सालच्या पाचव्या आठवड्यात बनलेला टायर. २०११ मध्ये गाडीला लागला तेव्हा तो सात वर्षांचा होता. नक्षीच्या खोबणीत नखाने दाबले तर बारीक भेगा उघडत होत्या. बाजूलाही तशाच भेगा, कोरड्या नदीच्या तळासारख्या.

मार्चअखेर ग्रँट संपवायची म्हणून २००४ साली एकदम टायर घेतले होते. गरज आठांची, आले चाळीस. पुढे दरवर्षी थोडा नवा माल येत गेला, तो पुढे लागला आणि पुढूनच उचलला गेला. जुना मागे तो मागेच. स्टोअर कीपर त्या डेपोत आला २००९ साली. त्याच्या आधीचे दोघे बदलून गेले होते, एक तर निवृत्तही झाला होता. पण साखळीत शेवटी जो उभा असतो, त्याच्याच गळ्यात हार पडतो. आपल्या खात्यांची ही रीत तुम्हाला आम्ही सांगायला नको.

हे टायर ठेवले होते कुठे? वेल्डिंग शॉपच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये, एकावर एक आठ-आठ, पश्चिमेच्या उन्हात. मामा म्हणाले, "पूर्वी हे आतल्या दगडी खोलीत असायचे, साहेब." आणि मग ते गप्प बसले. गप्प का बसले ते आम्हाला कळले. ती दगडी खोली २००५ साली आम्हीच मागून घेतली होती. शाखेच्या कार्यालयासाठी. जाड भिंती, मे महिन्यातही गारवा. तिथे आमची टेबल-खुर्ची होती आणि संध्याकाळी कॅरम चाले. टायर बाहेर गेले ते आमच्यासाठी. प्रशासनाने दुसरी धड जागा दिली नाही हे खरे, पण आम्हीही विचारले नाही की बाहेर जाणारा माल कसला आहे.

चौकशी दीड वर्ष चालली. त्या चार अंकांच्या जोरावर ड्रायव्हर निर्दोष सुटला. स्टोअर कीपरला शेवटी ताकीद देऊन सोडले. पण दीड वर्ष त्याची बढती अडकून पडली, त्याच्या मागचे दोघे वर गेले. ते कोणी भरून देत नाही. आम्ही ती खोली परत केली. काही सभासद रागावले. कॅरमबोर्ड व्हरांड्यात आला. आजही तिथेच आहे.

त्या प्रकरणापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, रसायनशास्त्र आमचे नव्हे. पण वर्कशॉपच्या फोरमनना, टायरवाल्यांना विचारून, कंपन्यांची पत्रके वाचून जे समजले ते सोप्या भाषेत सांगतो.

रबर हा मुळात झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यत्वे केरळमधून येतो. चीक नुसता सुकवला तर उन्हात चिकट होतो, थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडले, की गंधक घालून तापवले म्हणजे रबर टिकाऊ आणि लवचिक होते. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. हवेतला प्राणवायू रबराला आतून सतत खात असतो. उष्णतेने ते खाणे वाढते. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढले की ही क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीतला टायर आणि ४५ अंशांच्या पत्र्याखालचा टायर यांत चौपटीचा फरक. खोलीत जे चार महिन्यांत होते ते शेडमध्ये एका महिन्यात.

दुसरा शत्रू ओझोन. हा प्राणवायूचाच तिखट भाऊ. डी. सी. मोटरचे ब्रश ठिणग्या मारू लागले की जो उग्र वास येतो, तो आपल्या लोको आणि कारशेडमधल्या बंधूंना चांगला ठाऊक आहे. तो ओझोनचा वास. वेल्डिंगच्या ज्योतीपाशीही तो तयार होतो. साध्या हवेतही दहा कोटी भागांत दोन-चार भाग ओझोन असतो, आणि रबराला तेवढाही पुरतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ओझोन भेगा पाडतो तो ताणलेल्या रबरावर. थराच्या तळाशी दबलेला, वाकलेला, एका बाजूवर महिनोन्‌महिने भार घेतलेला टायर प्रथम भेगाळतो. मोकळ्या, ताण नसलेल्या रबराला तो फारसे करू शकत नाही. म्हणून टायर कुठे ठेवला याइतकेच तो कसा ठेवला याला महत्त्व आहे.

आता कोणी विचारील, रस्त्यावर पळणारा टायरही उन्हात असतो, मग तो का टिकतो? टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनला अडवणारी औषधे मिसळलेली असतात. टायर चालतो, दबतो, फुगतो, तसे ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरते. पडून राहिलेल्या टायरला ही मालिश मिळत नाही. तेव्हा पडून राहणे म्हणजे विश्रांती, असे टायरच्या बाबतीत समजू नका. आणि टायर काळा चकचकीत दिसावा म्हणून साठ्यातल्या टायरला पॉलिश, डिझेल, ऑइल लावणारे काही उत्साही लोक असतात. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तर हमखास. कृपा करून असे करू नका. तेल आणि पेट्रोल रबराला फुगवते, मऊ करते आणि ते संरक्षणाचे मेणही धुऊन टाकते.

आणखी एक शत्रू रेल्वेच्या स्टोअरमध्ये नेमका शेजारी असतो. तांबे. तांबे आणि मँगेनीज यांचा रबराशी संबंध आला की रबर लवकर कुजते. म्हणून तांब्याच्या तारेची भेंडोळी, पितळी फिटिंग आणि रबराचा माल एका मांडणीवर ठेवू नये. टायरच नव्हे, ब्रेकचे होज पाइप, वॉशर, पॅकिंग, रबराच्या साऱ्या वस्तूंना हेच लागू आहे.

मग ठेवायचे कसे? आमच्या डेपोत आता जी पद्धत पडली आहे ती सांगतो.

जागा बंद, कोरडी, अंधारी आणि जमेल तेवढी गार हवी. २५ अंशांच्या खाली राहिले तर उत्तम. आपल्याकडे उन्हाळ्यात ते शक्य नाही, पण दगडी किंवा विटांची भिंत, उत्तरेची बाजू आणि पत्र्याखाली छत एवढे केले तरी खूप फरक पडतो. खिडक्यांच्या काचा रंगवून घ्याव्यात. वेल्डिंग, मोटर, चार्जर, जनरेटर यांच्यापासून खोली दूर असावी. रंग, थिनर, डिझेलचे पिंप त्या खोलीत अजिबात नको. रबराला त्यांची वाफही बाधते, शिवाय आगीचा धोका. टायर पेटले तर सहजासहजी विझत नाहीत.

रिम नसलेला टायर उभा ठेवावा, मांडणीवर, जमिनीपासून किमान चार इंच वर. महिन्यातून एकदा प्रत्येक टायर थोडा फिरवावा, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही. जागेअभावी आडवे रचावेच लागले तर थर चार फुटांच्या वर नेऊ नये, आणि दर महिन्याला खालचे वर, वरचे खाली करावे. रिमवर चढवलेले टायर आडवे किंवा टांगून ठेवावेत, त्यात हवा असावी. रिम नसलेला टायर खिळ्याला किंवा हुकाला टांगू नये, जिथे टांगला तिथे कड ताणली जाते.

ट्यूबची तर आपण दैनाच करतो. खिळ्यावर माळेसारख्या लटकवतो. घडी पडली तिथे ट्यूब चिरते. पंक्चरवाल्याकडे असते ती पांढरी टाल्कम पावडर लावून, किंचित हवा भरून, टायरच्या पोटात ठेवावी. नाही तर सैल घडी घालून मूळच्या खोक्यात.

बंद पडलेली गाडी महिनोन्‌महिने टायरवर उभी ठेवू नये. ती जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे द्यावेत. टेंडर निघेपर्यंत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांचे चांगले टायर असेच वाया जातात, आणि नंतर तेच काढून दुसऱ्या गाडीला लावतात.

आता पावसाळा. उघड्यावरच्या टायरमध्ये पाणी साचले की आतल्या पोलादी तारा चिरेतून पाणी पिऊन गंजतात. त्याहून वाईट म्हणजे डेंग्यूचा डास. त्याला असले स्वच्छ साचलेले पाणी आवडते. त्याची अंडी टायरच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसात पुन्हा डास. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, आत घासून टायर छपराखाली न्यावा लागतो. आपल्या रेल्वे क्वार्टर्सच्या आणि पोस्टल कॉलनीच्या मागे पडलेले टायर एकदा मोजून पाहा.

पोस्टमन बंधूंसाठी आणि घरी स्कूटर असलेल्यांसाठी दोन शब्द. स्टेपनी हा शब्द आपण रोज वापरतो. तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ साली तिथे जादा चाकाचा शोध लागला. ते चाक अडचणीच्या वेळी कामी यावे म्हणून ठेवतात, पण वर्षानुवर्षे त्याची तारीख कोणी पाहत नाही. स्टेपनीची हवा महिन्याला तपासा. बहुतेक कंपन्यांचे सांगणे असे, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, तो बदलावा. न वापरलेल्या स्टेपनीलाही हे लागू आहे. आणि दहा वर्षे ही शेवटची हद्द, दहा वर्षांची हमी नव्हे. आमच्या डेपोतला तो टायर सात वर्षांतच गेला, कारण ठेवला होता तसा. घरी एखादा जादा टायर ठेवायचा असेल तर पुसून कोरडा करा, काळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून तोंड बांधा आणि माळ्यावर नव्हे, पलंगाखाली ठेवा. माळा पत्र्याच्या जवळ असतो, तापतो. लांब रजेवर जाताना सायकल हवा गेलेल्या टायरवर उभी करून जाऊ नका.

बंधूंनो, आता मुद्द्याचे. हे सारे स्टोअरच्या एकट्या माणसाने करायचे काम नाही. एक स्टोअर कीपर, दोन खलाशी, त्यातली एक जागा रिकामी. त्यांनी महिन्याला शंभर टायर फिरवावेत असे कागदावर लिहिणे सोपे आहे. म्हणून तीन गोष्टी शाखेने अंगावर घ्याव्यात.

पहिली, बिन कार्डावर टायरचा आकडा. माल आत घेताना नगांबरोबर प्रत्येक टायरचे ते चार अंक लिहून घ्या. सन २००० पासून बनलेल्या टायरवर ते चार असतात, त्याआधीच्यांवर तीन असत. तसा तीन अंकी टायर कुठे सापडला तर वाद न घालता कंडेमसाठी बाजूला काढा. जो आधी बनला तो आधी द्यायचा. पुरवठादाराने जुना माल नवा म्हणून आणला तर तिथेच लेखी नोंद करा. स्टॉक व्हेरिफायर नग मोजून जातो, वय मोजत नाही. वय आपण मोजायचे.

दुसरी, चार्ज घेताना आणि देताना. नवीन स्टोअर कीपरने आकड्यांची यादी केल्याशिवाय सही करू नये. मालाची जागा खराब असेल तर सहीच्या खालीच तसे लिहावे आणि एक प्रत शाखेकडे द्यावी. ड्रायव्हर बंधूंनीही टायर बसवताना आकडा लॉग बुकात लिहावा. ज्याच्या हाती कागद आहे त्याला नंतर कोणी चार्जशीटने घाबरवू शकत नाही. आमच्या ड्रायव्हरला वाचवले ते भाषणांनी नव्हे, चार अंकांनी.

तिसरी, जागेची आणि माणसांची मागणी. पी. एन. एम. च्या बैठकीत बढत्या, बदल्या, क्वार्टर्स हे विषय आपण नेतोच. रबराच्या मालासाठी स्वतंत्र खोली, मांडणी आणि रिकाम्या जागा भरणे हाही विषय न्या. टपालच्या बंधूंनी तो आपल्या बैठकीत न्यावा. वापरापेक्षा जास्त टायर मार्चअखेर घेऊ नयेत, हेही लेखी मागा. उद्या अपघात झाला तर प्रशासनाला म्हणता येऊ नये की आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि हे मागताना आधी आपला हात स्वच्छ असावा. तुमच्या शाखेचे कार्यालय कुठल्या खोलीत आहे, तिथे पूर्वी काय ठेवले जात होते आणि ते आता कुठे पडले आहे, एवढे गावी परतल्यावर पाहा. आम्हाला ते पाहायला सहा वर्षे आणि एका बंधूचा पाय लागला.

तो ड्रायव्हर बंधू पुढे बरा झाला, पण जड गाडी चालवण्याचे काम त्याला पुन्हा मिळाले नाही. हलक्या कामावर, त्याच स्टोअरमध्ये त्याला घेतले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामांच्या जागी आलेल्या पोराबरोबर तो टायर फिरवायचा आणि आकडे मोठ्याने वाचायचा. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. आता ते काम कोणी करायचे हे शाखेच्या बैठकीत ठरवून आम्ही नाव लिहून टाकले आहे. तुम्हीही आपापल्या शाखेत एक नाव लिहा.

 कामगार एकजुटीचा विजय असो.